नंबर दोनचा माणूस नंबर एक होतो का?



माझा एक मामेभाऊ न्यू जर्सीला असतो. जानेवारी आला की त्याच्या मेसेजमध्ये क्रिकेट नसतं, अमेरिकन फुटबॉल असतं. आपलं पायाने खेळायचं फुटबॉल नव्हे, ते हेल्मेट घालून एकमेकांना धडकतात ते. तिकडे साखळी सामने संपले की हरलेल्या टीमचे हेड कोच काढले जातात आणि मग महिनाभर एकच चर्चा चालते, कुठल्या टीमचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर आता हेड कोच होणार? ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणजे पॉइंट मिळवायची बाजू सांभाळणारा प्रशिक्षक. त्या बाजूच्या खेळाडूंची तयारी त्याच्याकडे, चाली आखणं त्याच्याकडे. पण जिंकलं की फोटो छापून येतो तो हेड कोचचा. आपल्या भाषेत दुकानातला नंबर दोन.

भावाने विचारलं, "काय वाटतं तुला, होईल का आमचा माणूस हेड कोच?" त्याचा माणूस मला ओळखू येत नाही, म्हणून मी हसण्यावारी नेलं. पण त्याच आठवड्यात नागावच्या एका कॉटेजच्या मॅनेजरने मला जवळपास हाच प्रश्न विचारला. नऊ वर्षं तो ते कॉटेज सांभाळतोय. बुकिंग, स्वयंपाकघर, माणसं, गेस्टची भांडणं, सगळं त्याच्या अंगावर. मालक मुंबईला. म्हणतो, "सर, मालक म्हणतात तुला पार्टनर करतो. तीन वर्षं म्हणतायत. थांबू का?"

म्हणून आज हा लेख. मार्केटिंगचा भाग पुढच्या आठवड्यात.

सगळ्यात आधी माझं मत सांगून टाकतो, नंतर भांडा माझ्याशी. नंबर दोनचं काम चांगलं केल्यामुळे कोणी नंबर एक होत नाही. ती बढती नाहीच, ते वेगळं काम आहे. आणि ते काम जमतं की नाही हे तुम्ही दुसऱ्याच्या खुर्चीच्या बाजूला बसून दाखवूच शकत नाही.

क्रिकेटमधलं उदाहरण घेऊ, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. संजय बांगर. बीडचा जन्म, रेल्वेकडून रणजी खेळले, २००२ साली हेडिंग्लेला ओपनिंगला येऊन ६८ धावा काढल्या, तेच. २०१४ मध्ये पंजाबच्या आयपीएल टीमने त्यांना आधी सहाय्यक म्हणून घेतलं आणि त्याच वर्षी मुख्य प्रशिक्षक केलं. टीम फायनलला गेली. त्याच ऑगस्टमध्ये ते भारतीय संघाकडे बॅटिंगचं काम बघायला आले आणि पुढची पाच वर्षं तिथे होते.

आता त्या पाच वर्षांत काय झालं बघा. जून २०१६ मध्ये झिंबाब्वेच्या दौऱ्यावर संघाची जबाबदारी बांगरांकडे होती. वन-डे मालिका ३-० जिंकली, टी-ट्वेंटी २-१ जिंकली. दौरा संपला २२ जूनला. २३ जूनला अनिल कुंबळेंची मुख्य प्रशिक्षक म्हणून घोषणा झाली. बरोबर एक वर्षाने, जून २०१७ मध्ये, कुंबळेंनी राजीनामा दिला आणि वेस्ट इंडिजचा दौरा तर दोन-तीन दिवसांवर. कोणी सांभाळला? बांगर आणि फील्डिंगचे श्रीधर यांनी. वन-डे मालिका ३-१ जिंकली. जुलैमध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून नाव आलं रवी शास्त्रींचं. बांगर परत सहाय्यक.

शेवट तर आणखी बघण्यासारखा आहे. २०१९ चा वर्ल्ड कप, मँचेस्टरची सेमीफायनल, न्यूझीलंडकडून १८ धावांनी हार. चौथ्या नंबरला कोण खेळणार हा घोळ त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होता. ऑगस्टमध्ये नव्याने नेमणुका झाल्या. शास्त्री राहिले, बॉलिंगचे भरत अरुण राहिले, फील्डिंगचे श्रीधर राहिले. बदलले फक्त बांगर, त्यांच्या जागी विक्रम राठोड आले.

मी इथे कोणावर अन्याय झाला असं म्हणत नाहीये. शास्त्री नको होते असंही माझं म्हणणं नाही, त्यांच्या काळात ऑस्ट्रेलियात दोनदा कसोटी मालिका जिंकलोय आपण. मला दिसतं ते एवढंच की नंबर दोन अडचणीला चालतो, पण अडचण संपली की नंबर एकसाठी बाहेर शोध सुरू होतो. आणि हिशेब करायची वेळ येते तेव्हा नंबर दोनच्या नावावर एक खातं असतंच: बॅटिंग कुणाकडे होती? याच्याकडे.

महिला संघातही तेच दिसलं. डिसेंबर २०२२ मध्ये रमेश पोवार यांना हलवलं आणि पुण्याचे हृषीकेश कानिटकर बॅटिंग कोच म्हणून आले. हो, ढाक्याच्या त्या शेवटच्या फोरवाले कानिटकर. मुख्य प्रशिक्षकाची जागा रिकामीच होती, त्यामुळे फेब्रुवारी २०२३ चा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप प्रत्यक्षात त्यांनीच सांभाळला. सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाकडून ५ धावांनी हार. ऑक्टोबरमध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून आले अमोल मुझुमदार. बाहेरून. मुझुमदारांकडे नंतर येतो.

आता माझी गोष्ट. चॅनेलवर एकदा अर्धवट सांगितली होती, आज पूर्ण सांगतो.

बीबीए झाल्यावर मी पेणला एका पॅकिंग मटेरियलच्या होलसेल दुकानात लागलो. दुकानाचं नाव सांगत नाही, शेठ अजून आहेत. पेण म्हणजे गणपतीचं गाव, त्यामुळे कारखान्यांना लागणारा पॅकिंगचा माल हा धंद्याचा मोठा भाग. सहा वर्षं होतो. चौथ्या वर्षी मी त्यांचा उजवा हात झालो. खरेदीचे भाव मला पाठ, कुठल्या कारखान्याला काय लागतं ते पाठ, रोजमेळ मी लिहायचो. सहाव्या वर्षी मार्चमध्ये शेठचं ऑपरेशन झालं आणि जूनअखेरपर्यंत दुकान मी चालवलं. चार महिने, ऐन सीझनच्या तोंडावर. एक दिवस दुकान बंद ठेवलं नाही. गल्ल्यात एक रुपयाचा फरक नाही.

शेठ परत आले. महिन्याभराने त्यांचा पुतण्या खुर्चीवर बसला आणि मला सांगितलं, "याला शिकव."

कित्येक वर्षं मी ही गोष्ट अन्याय म्हणूनच सांगत होतो. आजही अर्धा अन्याय वाटतोच. त्या पुतण्याला काय सिद्ध करावं लागलं? आडनाव. पण उरलेला अर्धा भाग मला माझं स्वतःचं दुकान टाकल्यावर कळला, आणि तो सांगायला जरा लाज वाटते.

त्या चार महिन्यांत मी एकही निर्णय घेतला नव्हता.

म्हणजे बघा. एक जुना कारखानदार होता, त्याची आधीचीच उधारी थकलेली. तो माल मागायला यायचा, मी द्यायचो. मनात एकच, शेठचा माणूस आहे, शेठ आल्यावर बघतील. एक सप्लायर कागदी खोके निकृष्ट पाठवत होता. कळत होतं. बदलला नाही. शेठचे वीस वर्षांचे संबंध, आपण कोण? एका पोराला कामावरून काढायला हवं होतं, तेही नाही. चार महिने मी दुकान जसंच्या तसं धरून ठेवलं, लग्नघरात सोन्याचा डबा मांडीवर घेऊन बसलेल्या आजीसारखं. शेठ आले तेव्हा डबा जसाच्या तसा होता, आणि त्या कारखानदाराची उधारी तेवढी वाढली होती. या माणसाला धंदा जमेल असं शेठना दिसावं, असं मी काय केलं होतं? प्रामाणिक आहे हे दिसलं. प्रामाणिक माणूस गल्ल्यावर बसवतात. दुकान देत नाहीत.

काळजीवाहू माणसाची हीच अडचण असते. त्याला जबाबदारी मिळते, पण नाही म्हणायचा अधिकार मिळत नाही. किंवा मिळतो आणि तो वापरत नाही, माझ्यासारखा. कुठल्याही दोन आठवड्यांच्या दौऱ्यावर कोणी संघाची घडी बदलत नाही. म्हणून दौरा जिंकूनही त्या माणसाबद्दल नवीन काही कळत नाही.

अलिबागला दुकान टाकलं तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात मी आपटलो. विकणं मला येत होतं, एक नंबर येत होतं. कंटेनर, फॉइल, द्रोण-पत्रावळी, पेपर ग्लास, डिसेंबरमध्ये कॉटेजवाले आणि हॉटेलवाले रांगेत. सगळ्यांना महिन्याच्या उधारीवर माल दिला, कारण पेणला तसंच बघितलं होतं. पण पेणला उधारी शेठच्या पैशावर होती, आणि वसुलीचे फोन शेठ करायचे, दुपारी, दुकानाच्या मागच्या खोलीतून, दार लावून. ते फोन मी सहा वर्षांत कधी ऐकलेच नव्हते. जून लागला, गेटवेच्या लाँच बंद झाल्या, गेस्ट आटले, आणि माझे कॉटेजवाले फोन उचलेनात. घरची एफडी मोडून सप्लायरचे पैसे दिले. धंद्याचा अर्धा भाग त्या बंद दारामागे होता, मला माहीतच नव्हता.

अमेरिकेतलंही एक उदाहरण याच्यासाठीच देतो. एरिक बिएनेमी नावाचे गृहस्थ २०१८ ते २०२२ कॅन्सस सिटीच्या टीमचे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होते. त्या काळात टीमने दोन सुपर बोल जिंकले, म्हणजे त्यांचा वर्ल्ड कपच समजा. इतर टीमांनी त्यांना मुलाखतीला बोलावलं, एकदा नव्हे, कितीतरी वेळा. त्या पाच वर्षांत हेड कोच कोणी केलं नाही. एक कारण सतत पुढे यायचं, चाली शेवटी हेड कोच अँडी रीडच ठरवतात, मग याचं स्वतःचं काय? यात रंगाचा भेदभाव आहे असंही तिकडे बरेच जण म्हणतात, आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. जसं माझ्या गोष्टीतलं आडनाव. गंमत म्हणजे हे अँडी रीड स्वतः १९९९ मध्ये पहिल्यांदा हेड कोच झाले ते कोऑर्डिनेटर न होताच. नंबर दोनची पायरी त्यांनी चढलीच नव्हती.

आता मुझुमदार. १९८८ ला शाळेच्या हॅरिस शिल्डमध्ये सचिन आणि कांबळीने ६६४ ची भागीदारी केली तेव्हा पुढचा बॅट्समन पॅड बांधून बसून राहिला होता, तो हा माणूस. रणजी पदार्पणात २६०. पुढे फर्स्ट क्लासमध्ये अकरा हजारांवर धावा, ३० शतकं. भारताकडून एकही सामना नाही. "बिचारा" म्हणून ही गोष्ट सगळे सांगतात, मी पण सांगायचो. पण धंदेवाल्याच्या नजरेने बघितलं तर मधला भाग महत्त्वाचा आहे, जो कोणी सांगत नाही.

त्यांनी नंबर दोनची कामं केली. राजस्थान रॉयल्सचे बॅटिंग कोच, २०१९ ला भारत दौऱ्यावर आलेल्या दक्षिण आफ्रिकेचे बॅटिंग कोच. पण २०२१ मध्ये त्यांनी मुंबईचं मुख्य प्रशिक्षकपद घेतलं. मुंबई म्हणजे मोठं नाव असलं तरी भारतीय संघाच्या मानाने छोटं दुकान. पण पूर्ण दुकान. तिथे २०२२ च्या रणजी फायनलला मध्य प्रदेशकडून हरले, आणि ती हार त्यांच्या नावावर लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईने पहिल्यांदा सय्यद मुश्ताक अली ट्रॉफी जिंकली, तीही त्यांच्या नावावर लागली. म्हणजे २०२३ मध्ये महिला संघासाठी निवड व्हायची वेळ आली तेव्हा त्यांच्याकडे दोन्ही बाजू भरलेली खातेवही होती. जमा पण, नावे पण.

आणि मग खुर्चीत बसल्यावरची गोष्ट. २०२५ च्या वर्ल्ड कपमध्ये लागोपाठ तीन सामने हरले. त्यातल्या इंग्लंडच्या सामन्यात जेमिमाला बाहेर बसवलं होतं, एक बॉलर जास्त हवा म्हणून. सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीच जेमिमा तिसऱ्या नंबरवर पाठवली, आणि ते तिला मैदानात जायच्या पाचेक मिनिटं आधी कळलं, असं ती स्वतः म्हणाली. नाबाद १२७. प्रतिका रावल जखमी झाली तर शफाली वर्माला आणलं, जी मूळ टीममध्ये नव्हतीच. फायनलला ८७ धावा आणि दोन विकेट. २ नोव्हेंबरला नेरूळच्या डी. वाय. पाटीलवर, आपल्या पनवेलपासून हाकेच्या अंतरावर, ५२ धावांनी वर्ल्ड कप. हे सगळे निर्णय एकट्या कोचचे नसतात, कॅप्टन असते, सिलेक्टर असतात. पण उलटं पडलं असतं तर वर्तमानपत्रांनी कोणाचं नाव छापलं असतं, ते तुम्हाला माहीत आहे.

मग नंबर दोनला तिथल्या तिथे खुर्ची मिळतच नाही का? मिळते. अभिषेक नायर कोलकात्याच्या टीममध्ये चंद्रकांत पंडितांच्या हाताखाली सहाय्यक होते, मध्ये काही महिने भारतीय संघात सहाय्यक होते, तिथून एप्रिल २०२५ मध्ये परत आले आणि ऑक्टोबरमध्ये त्याच कोलकात्याचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांचं वेगळं काय? माझ्या मते, त्यांचं स्वतःचं गिऱ्हाईक होतं. दिनेश कार्तिकसारखे खेळाडू टीमच्या बाहेर, वैयक्तिक त्यांच्याकडे शिकायला जात होते. कुठलीही खुर्ची नसताना लोक तुमच्या नावाने येतात का? आमच्या धंद्यात याला गुडविल म्हणतात आणि दुकान विकताना त्याचे पैसे मिळतात. बांगरसुद्धा पुढे बंगळुरूच्या टीममध्ये बॅटिंग सल्लागारावरून दोन हंगाम मुख्य प्रशिक्षक झालेच की. एका हंगामात क्वालिफायरपर्यंत, दुसऱ्यात प्लेऑफच्या बाहेर, मग बदल. नंबर एकचा हिशेब असा असतो, लवकर होतो.

आणि एक गोष्ट, जी आमच्या ट्रेनर लोकांना बोलायला आवडत नाही. सगळ्यांनी मालक व्हायची गरज नाही. पारस म्हांब्रे एके काळी बंगालच्या रणजी टीमचे मुख्य प्रशिक्षक होते. नंतर ते बॉलिंगच्या कामाकडे वळले आणि जून २०२४ ला बार्बाडोसला टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकला तेव्हा भारताचे बॉलिंग कोच तेच होते. त्यात काय कमी आहे? पगार चांगला, झोप लागते, काम आवडीचं. फक्त मग पगार चांगला मागा. नंबर दोनचं काम करून नंबर एकच्या आश्वासनावर जगू नका.

नागावच्या मॅनेजरला मी तेच सांगितलं. मालकाच्या तोंडी शब्दावर तीन वर्षं थांबलास, आता थांबू नकोस. पण राजीनामा पण देऊ नकोस. मालकाला म्हण, पावसाळ्याचे तीन महिने मला द्या. जून ते ऑगस्ट, जेव्हा कॉटेज रिकामंच असतं. रेट मी ठरवणार, खर्च मी ठरवणार, नफ्यातला हिस्सा आत्ता कागदावर लिहून द्या, आणि तोटा झाला तर माझ्या पगारातून इतका कापा. तोटा शब्द तू स्वतः काढ. मालक हो म्हणाला तर तुला कळेल तुला धंदा जमतो का. नाही म्हणाला तर तुला मालक कळेल. तो म्हणाला, "सर, पगारातून कापायचं कशाला बोलायचं आपणहून?" म्हटलं, बाबा, तिथेच तर सगळं आहे.

सल्ला देणं सोपं असतं. आता माझ्याच दुकानातलं.

माझ्याकडे एक मुलगा आहे, सहा वर्षं. नागाव, रेवदंडा, मुरूड, सगळ्या लाइनच्या ऑर्डर तो बघतो. हे ब्लॉगचं टायपिंग पण कधीकधी तोच करतो, हे मात्र मी स्वतः टाइप केलंय. गेल्या महिन्यात टेम्पो खाली करताना सहज बोलल्यासारखं म्हणाला, "शेठ, मुरूडला आपल्या मालाचं दुकान नाही एकपण." मी हं म्हणून विषय बदलला. घरी आल्यावर रात्री लक्षात आलं की मी अगदी पेणच्या शेठसारखा हं म्हटलो होतो.

खरं सांगायचं तर भीती वाटली. तो गेला तर मुरूडची लाइन त्याच्याबरोबर जाईल. कॉटेजवाले त्याला फोन करतात, मला नाही. आणि आठवून बघितलं तर वसुलीचे फोन मी पण मागच्या खोलीतूनच करतो.

दोन दिवसांनी त्याला बसवलं. म्हटलं, मुरूडला एक गाळा बघू. तीन लाखांचा माल मी भरतो. एक वर्ष खरेदी तू कर, उधारी कोणाला द्यायची ते तू ठरव, वसुली पण तुझी, मी मध्ये बोलणार नाही. सप्लायरशी भाव तू कर, माझ्या नावावर नको. वर्षअखेर नफा अर्धा-अर्धा. पुढच्या वर्षी तुला पटलं तर माल फेडून दुकान तुझ्या नावावर.

तो बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, "आणि तोटा झाला तर, शेठ?"

म्हटलं, तो पण अर्धा-अर्धा.

घरी विचारून सांगतो म्हणाला. बायकोच्या माहेरी मांडव्याला गेलाय, शनिवारी येईल. गाळ्याचं डिपॉझिट मी अजून दिलेलं नाही. आणि आजपासून वसुलीचे फोन मी काउंटरवरूनच करतोय, दार उघडं ठेवून. आज पहिल्याच फोनला समोरच्याने शिव्या घातल्या, दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती.